दात तासून घेण्याआधी

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी ३८ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. आठ महिन्यांपूर्वी उजवीकडच्या खालच्या दाढेवर कॅप बसवली. ती उंच लागत होती म्हणून दोनदा घासून दिली. महिन्याभरात उजवा गाल, कानशील आणि कानाच्या पुढची जागा दुखायला लागली. सकाळी जबडा आखडलेला असतो, दुपारच्या तासांपर्यंत डोकं धरतं. डावीकडे तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो, पण तो कॉलेजपासूनचा आहे, कधी दुखला नाही. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हणून सांगितलं. एक्स-रेमध्ये दाढही ठीक दिसते. मिस्टर म्हणतात, मी झोपेत दात खाते. मागच्या वर्षी आईचं मोठं आजारपण झालं, तेव्हापासून झोप नीट नाही.

मधे दुसऱ्या एका दवाखान्यात गेले. तिथे गालांवर आणि मानेवर पट्ट्या चिकटवून तासभर सौम्य विजेचे ठोके दिले, कॉम्प्युटरवर आलेख काढले. स्नायूंना आणि नसांना हवी असलेली जबड्याची जागा आणि माझा चावा जुळत नाही, असं सांगितलं. खालच्या मागच्या दातांवर बसणारी प्लेट दिली आहे, ती जेवतानाही घालायची. चार महिन्यांनी त्याच उंचीला वरखालच्या सगळ्या दाढा-उपदाढा तासून कॅप बसवायच्या. सोळा कॅप. तीन आठवडे प्लेट घालते आहे. दुखणं थोडं कमी आहे, पण प्लेट काढली की मागचे दात पहिल्यासारखे मिटत नाहीत. हे बरोबर चाललं आहे का? की आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात तसं हे सगळं टेन्शनचं आहे?

उत्तर

प्लेट काढली की मागचे दात मिटत नाहीत, हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाकी सगळ्याच्या आधी त्याचं बोलू, कारण तिथे उशीर करून चालणार नाही.

दात म्हणजे हाडात ठोकलेला खिळा नव्हे. प्रत्येक मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो आणि दात त्याच्या आधाराने उभा असतो. ज्या दातावर सतत दाब येतो तो हळूहळू आत बसतो, ज्याच्यासमोर काहीच टेकत नाही तो बाहेर सरकतो. फक्त मागच्या दातांवर बसणारी प्लेट दिवसरात्र घातली की मागचे दात दाबले जातात आणि पुढचे मोकळे सुटतात. तीन आठवड्यांत झालेला फरक बहुतेक वेळा भरून येतो. चार महिन्यांनंतर येईलच असं मी म्हणणार नाही. आणि तेव्हा पेच असा पडतो की प्लेटशिवाय मागच्या दातांनी चावताच येत नाही, म्हणून कॅप बसवणं भागच पडतं. म्हणजे दाढा तासण्याची गरज तुमच्या तोंडात मुळात नव्हती, ती उपचारानेच तयार केली.

म्हणून याच आठवड्यात त्या दवाखान्यात जा आणि दात मिटत नाहीत हे दाखवा. दिवसभर प्लेट घालायची नाही हे स्पष्ट सांगा. सगळ्या दातांवर बसणारी, कडक, फक्त झोपताना घालायची प्लेट करून मिळेल का, ते विचारा. जेवताना आणि शिकवताना आत्ताची प्लेट आजपासूनच काढून ठेवा. ते ऐकायला तयार नसतील तर दंतमहाविद्यालयाच्या ओरल मेडिसिन विभागात किंवा तोंड-चेहऱ्याच्या दुखण्याचं काम करणाऱ्या दंतवैद्याकडे दुसरं मत घ्या.

सोळा कॅपना माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण नुसतं ‘नको’ म्हणून मी थांबले तर पुढच्या भेटीत समोर रंगीत आलेख आल्यावर तुमचं मन पुन्हा डळमळेल. म्हणून कारणं नीट सांगते.

दोन्ही हातांची बोटं गालांवर ठेवा, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर, आणि दात आवळा. बोटांखाली जो गठ्ठा फुगतो तो मॅसेटर. आता बोटं कानशिलांवर न्या आणि पुन्हा आवळा. तिथे पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हलताना लागेल. आतल्या बाजूला आणखी दोन स्नायू असतात, ते बाहेरून हाताला लागत नाहीत. त्यातला एक जबडा वर ओढतो आणि दुसरा पुढे नेतो. दोन्ही बाजूंचे मिळून हे आठ स्नायू जबडा चालवतात.

या स्नायूंना काम किती असतं? माणसाचे वरचे-खालचे दात दिवसभरात एकमेकांना टेकतात ते सगळं मिळून जेमतेम वीसेक मिनिटं. चघळताना आणि गिळताना क्षणभर टेकतात, तेवढंच. एरवी ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट असायला हवी. वह्या तपासताना, फळ्याकडे वळताना, फोनवर आईच्या तब्येतीचं ऐकताना तुमचे दात टेकलेले असतात का, हे दोन दिवस नुसतं बघा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना हे विचारलं की ते आधी ‘नाही’ म्हणतात आणि आठवड्याने येऊन ‘सतत’ म्हणतात. जोरात आवळायलाच हवं असं नाही. हलकेच टेकवलेले दात तासन् तास तसेच राहिले तरी स्नायू थकतो, मूठ दिवसभर अर्धवट मिटून ठेवली तर हात दुखेल तसा.

आता नसांबद्दल. ‘नस दबली आहे’ असं ऐकलं की माणूस घाबरतो. तुमच्या वर्णनात नस दबल्याची कुठलीच खूण नाही. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी मुख्य चेता म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. तिच्या तीन शाखा. कपाळ, गाल, दात, जबड्याचा सांधा, कानशील आणि कानाच्या पुढचा भाग, सगळ्यांच्या बातम्या या एकाच चेतेतून जातात. चावण्याच्या स्नायूंना हुकूमही तिच्याच तिसऱ्या शाखेतून येतात. शिवाय मेंदूच्या देठात तिचे तंतू आणि मानेच्या वरच्या चेतांचे तंतू एकाच ठिकाणी येऊन मिळतात. इतक्या वाटा एकत्र आल्यावर दुखणं नेमकं कुठून निघालं हे मेंदूला नीट सांगता येत नाही. मॅसेटर थकला तर दाढ दुखते, सांधा सुजला तर कान दुखतो, मान आखडली तर कानशील ठणकतं. तुमचा कान चांगला असूनही कानाशी दुखतं ते यामुळे.

हे ओळखण्याची तपासणी साधी आहे, पण ती हाताने करावी लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेले आणि आज जगभर वापरले जाणारे निदानाचे निकष आहेत, त्यांत एका प्रश्नाला फार महत्त्व आहे. डॉक्टर स्नायू आणि सांधा ठरावीक दाबाने दाबतात आणि विचारतात, ‘हेच का ते तुमचं रोजचं दुखणं?’ नुसतं ‘दुखतं’ पुरेसं नाही, ओळखीचं दुखणं उमटायला हवं. त्याबरोबर तोंड किती उघडतं ते मोजतात. मोठ्या माणसाचं साधारण चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतात. तुमच्या पत्रात पट्ट्या आहेत, आलेख आहेत, एक्स-रे आहे. पण कुणी दहा मिनिटं बोटांनी गाल आणि कानशिलं चाचपून पाहिल्याचा उल्लेख नाही. तो राहून गेला असेल तर आधी ते करून घ्या.

मग कॅपचं काय? तुम्ही ‘उंच लागतंय’ म्हणालात ते खरंच होतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये इतके तरल संवेदक असतात की मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी जाडीही दातांना जाणवते. केस त्याहून जाड असतो. कॅप किंवा फिलिंग उंच राहिलं तर ते लगेच कार्बन पेपरची खूण बघून उतरवायलाच हवं. तुमचं ते झालं. पुढचा प्रश्न असा की उंच दाढेमुळे महिनोन् महिने टिकणारं स्नायूंचं दुखणं सुरू होतं का. याचे प्रयोग झालेले आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांच्या दाढेवर मुद्दाम धातूची पातळ पट्टी चिकटवून चावा बिघडवला. मॅसेटरचं काम वाढेल असं वाटलं होतं, ते उलट काही दिवस कमी झालं. बायका त्या बाजूने जपून चावू लागल्या असाव्यात. एकीलाही जबड्याचा विकार झाला नाही. मात्र ज्यांना पूर्वी असा त्रास होऊन गेला आहे किंवा ज्यांना दात आवळायची सवय आहे, त्यांना असा खोटा अडथळा जास्त जाचतो, हेही दुसऱ्या अभ्यासांत दिसलं आहे.

तुमचं काय झालं असावं, याचा माझा अंदाज सांगते. कॅपच्या वेळी बराच वेळ तोंड उघडं ठेवावं लागलं. नंतर ती उंच लागली म्हणून तुम्ही दिवसातून शंभरदा दात टेकवून ‘आता ठीक आहे का’ हे तपासलंत. त्यात आईचं आजारपण आणि अपुरी झोप. कॅपने दुखण्याला सुरुवात करून दिली असेल, पण आठ महिने ते चालू ठेवणारी कॅप नव्हे. अमेरिकेत हजारो निरोगी लोकांना वर्षानुवर्षं पाहत राहून, कुणाला जबड्याचं दुखणं नव्याने होतं हे शोधलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात झोपेची प्रत, शरीरात इतरत्र असलेली दुखणी आणि एकूण ताण यांचं पारडं जड निघालं.

आणि आता या साऱ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चावा बिघडला म्हणून स्नायू दुखतो, हे सगळ्यांना पटकन पटतं. स्नायू दुखतो म्हणून चावा बिघडल्यासारखा वाटतो, हे कुणी सांगत नाही. निरोगी माणसांच्या मॅसेटरमध्ये मिठाचं तीव्र पाणी टोचून तात्पुरतं दुखणं निर्माण केलं, तेव्हा त्यांच्या जबड्याच्या हालचालीची रेषा सरकली. दुखणं ओसरल्यावर ती पुन्हा मूळ जागी आली. दात तेच होते, कुणी त्यांना हात लावला नव्हता. मग ज्या दिवशी तुमचा गाल ठणकतो आहे त्या दिवशी घेतलेलं माप खरं मानून त्यावर सोळा कॅप कायमच्या बसवायच्या का? सहा महिन्यांनी स्नायू शांत झाला की जबडा आपल्या जुन्या जागी जाईल आणि कॅप मात्र दुखण्याच्या दिवसातल्या जागेवर राहतील.

तुम्हाला सांगितलेली उपपत्ती कुणी काल बसून रचलेली नाही, तिला इतिहास आहे. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अकरा रुग्णांच्या आधारे लिहिलं की कानाजवळचं हे दुखणं मागचे दात गेल्याने आणि चावा खोल बसल्याने होतं. तिथून हा विषय दंतवैद्यांच्या हाती आला आणि दात तासून चावा ‘जुळवण्याचं’ पर्व सुरू झालं. १९६० च्या दशकात बर्नार्ड जॅंकेलसन यांनी सौम्य विद्युत ठोक्यांनी स्नायू सैल करून जबड्याची ‘खरी’ जागा शोधायची पद्धत आणली. तुमच्यावर झालं ते त्याच परंपरेतलं. पण १९६९ मध्येच डॅनिअल लॅस्किन यांनी मांडलं होतं की बहुसंख्य रुग्णांचं दुखणं स्नायूंच्या थकव्यातून येतं आणि त्याच्या मागे दात आवळण्याची सवय आणि ताण असतो. दंतसंशोधकांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०१० च्या निवेदनात आलेख काढणाऱ्या यंत्रांबद्दल सांगितलं की निरोगी आणि आजारी माणूस वेगळा ओळखण्याइतकी त्यांची अचूकता सिद्ध झालेली नाही. उपचार आधी परत फिरवता येण्यासारखे असावेत, असंही त्यात आहे.

यंत्र काहीतरी मोजतं, ते खोटं नाही. ठोक्यांनी स्नायू सैल पडतो, म्हणून तासाभराने तुम्हाला हलकं वाटलं असेल तर तेही खरं. पण सैल पडलेला जबडा थोडा खाली लोंबणारच, निरोगी माणसाचाही लोंबतो. ती जागा चावण्याची असलीच पाहिजे, याला आधार नाही.

मी हे इतक्या ठामपणे सांगते याचं एक कारण माझ्या हातून घडलेलं आहे. शिकून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत एक बाई अशाच दुखण्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. कार्बन पेपरवर उमटलेल्या खुणा पाहत मी त्यांचे दात थोडे थोडे तासले. एकदा बरं वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. दुखणं कमी-जास्त होत राहिलं, पण त्यांना आपले दात कुठे मिटायचे तेच सापडेनासं झालं. दिवसभर त्या दात टेकवून जागा शोधत बसायच्या. या अवस्थेला १९७६ मध्ये ‘फॅंटम बाइट’ असं नाव मिळालं आहे. जितकं तासाल तितकी ती वाढते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दाताचं काढलेलं कवच परत येत नाही. त्या बाईंची मी माफी मागितली आणि त्यानंतर दुखणाऱ्या जबड्यासाठी कुणाचाही निरोगी दात तासला नाही.

आता करायचं काय? सगळ्यात आधी ‘न’ म्हणा. खरोखर म्हणा, आणि न म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकते तिथेच राहू द्या. ओठ हलके मिटलेले, दात सुटलेले, श्वास नाकाने. जबड्याची विश्रांतीची जागा हीच. शाळेची प्रत्येक घंटा वाजली की दात टेकलेत का पाहा, टेकले असतील तर ‘न’. पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल, तिसऱ्यात हात आपोआप गालाकडे जाऊन आठवण करून देईल. औषधाशिवाय आणि पैशाशिवाय होणाऱ्या उपायांत याच्याइतका गुण मी दुसऱ्या कशाला पाहिलेला नाही. आणि दात टेकवून कॅप तपासणं पूर्ण बंद करा, अगदी आजपासून.

रात्री झोपण्याआधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दहा-पंधरा मिनिटं दोन्ही गालांवर धरा. काही आठवडे कडक आणि चिवट पदार्थ टाळा, घास लहान घ्या, च्युइंग गम नकोच. जांभई येईल तेव्हा जीभ टाळूला लावून ठेवा, म्हणजे तोंड जास्त उघडणार नाही. फोन खांद्यात धरून बोलू नका. वर्गात आवाज चढवून बोलताना हनुवटी पुढे येते आणि मान ताठते, तेव्हा छोटा माइक वापरता आला तर जरूर वापरा.

दुसरी गोष्ट, फिजिओथेरपिस्ट. जबड्याचं आणि मानेचं काम करणारा मिळाला तर उत्तम. तो स्नायूंमधल्या दुखऱ्या गाठी हाताने सोडवतो, जबडा सरळ रेषेत उघडायचे सावकाश व्यायाम शिकवतो आणि मानेची बैठक सुधारतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडेदुखीच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं आली. देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, रुग्णाला आजार नीट समजावून सांगणं आणि कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) यांची ठाम शिफारस त्यात आहे. चावा कायमचा बदलणाऱ्या प्लेटविरुद्ध तितकीच ठाम शिफारस आहे. साध्या, परत काढून ठेवता येणाऱ्या प्लेटबद्दलही तिथे फारसा उत्साह नाही. रात्री दात खाणाऱ्यांना अशी प्लेट मी तरी देते, पण दातांची आणि तुमच्या कॅपची झीज वाचावी म्हणून. तिच्याने दात खाणं थांबतं असं मी सांगत नाही.

त्या दात खाण्याबद्दल मिस्टरांना आणखी एक विचारा. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? तसं असेल तर आधी झोपेची तपासणी. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. आणि मागच्या वर्षात नैराश्याचं किंवा चिंतेचं औषध सुरू झालं असेल तर ते देणाऱ्या डॉक्टरांना जबड्याचं सांगा, कारण त्यातल्या काही औषधांनी दात खाणं वाढतं. मनाने मात्र गोळी बंद करू नका. वेदनाशामक गोळ्या ठणका असेल तेव्हा चार दिवस, डॉक्टरांना विचारून. महिनोन् महिने नकोत. गालात बोटॉक्स, म्हणजे स्नायू ढिला पाडणारं इंजेक्शन, घ्या असंही कुणी सुचवेल. तुमच्या बाबतीत आत्ता त्याचं काही कारण दिसत नाही.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं ‘टेन्शन’ हे अर्धं उत्तर आहे, आणि ते ज्या सुरात दिलं जातं त्याने माणूस दुखावतो हे मला कळतं. दुखणं तुमच्या गालात आहे, मनाने रचलेलं नाही. पण दमलेल्या, झोप न झालेल्या शरीरात दुखण्याचा आवाज मोठा ऐकू येतो आणि स्नायू ढिला सोडायचं भान राहत नाही. थेरपिस्टकडे जाणं म्हणजे आजार खोटा ठरवणं नव्हे. गेल्या वर्षी आईपाशी जागून काढलेल्या रात्रींचा हिशेब कुणासमोर तरी मांडा, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

डाव्या बाजूच्या ‘कट्’चं थोडक्यात. कानाच्या पुढे जबड्याच्या सांध्यात दोन हाडांमध्ये कूर्चेसारखी एक लहान चकती असते. तोंड उघडताना जबड्याचं टोक आधी फिरतं आणि मग पुढे घसरतं, चकतीने त्याच्याबरोबर जायचं असतं. ती जरा पुढे सरकलेली असली की टोक तिच्यावर चढताना आवाज होतो. असे आवाज खूप लोकांच्या सांध्यात असतात आणि दुखत नसतील तर त्यांना उपचार लागत नाही. चकती ‘दुरुस्त’ करण्याच्या उत्साहात १९८० च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनचे रोपण बसवले गेले. ते सांध्यात झिजले, त्यांच्या कणांनी हाड खाल्लं आणि शेवटी ते बाजारातून मागे घ्यावे लागले. तुमचा आवाज तसाच राहू द्या. फक्त एक लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी आवाज अचानक बंद झाला आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तर चार-पाच दिवसांत दाखवा, महिने काढू नका.

चाव्याचा दोष खरा कधी असतो, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी चावाच नाकारते आहे. ताजी कॅप उंच असते तेव्हा असतो. मार लागून जबड्याचं हाड सरकतं तेव्हा असतो. संधिवाताने सांध्याचं टोक झिजतं आणि पुढचे दात मिटेनासे होतात तेव्हा असतो. कुठलाही उपचार न करता काही आठवड्यांत चावा बदलला, तर सांध्याचा सीटी किंवा एमआरआय करून घ्यावा. दाढा नसतील तर त्या चावण्यासाठी बसवाव्यात. वाकडे दात सरळ करायचे असतील तर खुशाल करा, दुखणं शांत झाल्यावर, आणि त्याने दुखणं जाईल या आशेवर नको.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून काही वेगळी दुखणी सांगून ठेवते. गालाला वारा लागला किंवा ब्रश लागला की विजेसारखी सणक येऊन काही सेकंदांत जाते, ती ट्रायजेमिनल न्युराल्जिया असू शकते. ते काम न्यूरोलॉजिस्टचं, त्यासाठी दाढा काढून बसू नये. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, केस विंचरताना टाळू दुखते, चावता चावता जबडा भरून येतो, त्यात नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तो रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, तर हृदयाची तपासणी. ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, गालात गाठ लागणं, वजन उतरणं, यांना जबड्याचा थकवा म्हणून सोडू नये. तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही.

दवाखान्यात जाल तेव्हा दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. पहिला, ‘कॅप न बसवता सहा महिने व्यायाम आणि सवयी बदलून पाहिलं तर माझं काय नुकसान होईल?’ दुसरा, ‘कॅप बसवूनही दुखणं राहिलं तर पुढे काय?’ दोन्हींची उत्तरं शांतपणे ऐका आणि त्या दिवशी कशालाही होकार देऊ नका. घरी रोज सकाळी उठल्यावर लगेच नको, तासाभराने, एकदाच दात सावकाश मिटवून मागचे टेकतात का पाहा आणि वहीत लिहून ठेवा. दिवसा प्लेट बंद केल्यापासून तीन आठवड्यांनी ती नोंद मला कळवा. मागचे दात तोवर टेकले नसतील तर तीन आठवडे पूर्ण झाल्यावर आणखी थांबू नका, प्लेट आणि वही घेऊन लगेच दाखवायला जा.